मुंबईचा भराव आणि ओहोटीची पट्टी

मुंबई शहराच्या वाढीचा इतिहास लिहिताना बहुतेक ग्रंथकार समुद्रापासून किती जमीन मिळविली याचा हिशेब मोठ्या अभिमानाने देतात. तो अभिमान अस्थानी आहे असे नव्हे. परंतु भरतीची रेषा व ओहोटीची रेषा यांच्या दरम्यान जी पट्टी असते, तिचा जमाखर्च मात्र क्वचितच आढळतो. तो ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात ठेवण्याचे योजिले आहे.

१६६५ साली इंग्रजांच्या हाती मुंबई आली, तेव्हा तिच्या सात बेटांमधून भरतीचे पाणी खेळत असे. पायधुणी व उमरखाडी ही नावे त्याची साक्ष आजही देतात. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारातून आत शिरणारा समुद्र गव्हर्नर हॉर्नबी यांच्या बांधाने १७८४ च्या सुमारास अडविला. देवीच्या मूर्ती समुद्रातून काढल्यावरच तो बांध टिकला, ही रामजी शिवजी प्रभूंची आख्यायिका वाचकांस ठाऊक असेलच. पुढे १८३८ साली कुलाब्याचा कॉजवे झाला व १८४५ साली माहीमचा. माहीमच्या कॉजवेसाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १,५७,००० रुपये दिले. होडीने खाडी ओलांडणे पावसाळ्यात जिवावर बेतत असे. तेव्हा या दातृत्वाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. बॅक बेच्या भरावाची कंपनी १८६५ च्या शेअर-सट्ट्यात बुडाली. १९२० नंतर सरकारने ते काम पुन्हा हाती घेतले, तेव्हा त्यातील गैरव्यवहार खुर्शेद नरीमन यांनी चव्हाट्यावर आणला. त्यांचेच नाव पुढे भरावाच्या एका टोकास मिळावे, हा योगायोग मोठा मौजेचा!

ओहोटीला उघडा पडणारा चिखल पाहणाऱ्यास पडीक वाटतो. वस्तुतः तो समुद्राचा पाळणा होय. कोळंबीच्या कित्येक जातींच्या माद्या खुल्या समुद्रात अंडी घालतात. पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, तिवरांच्या मुळांच्या आश्रयाने वाढतात आणि मोठी झाली की समुद्राकडे परततात. निवट्या, चिंबोऱ्या, तिसऱ्या यांचा संसार तर याच पट्टीतला. खडकांना चिकटलेली कालवे अन्नकण टिपता टिपता पाणी गाळून स्वच्छ करतात. खाडीचे तोंड बांधून अरुंद केले की भरतीचे येणे-जाणे मंदावते, गाळ साचतो व सांडपाणी तुंबते. उतरता किनारा जाऊन तेथे उभी भिंत आली, तर लाट तिच्यावर आपटून परतताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. जेथे पूर्वी शेकडो हात रुंदीची जिवंत पट्टी होती, तेथे भिंतीच्या अंगावरचा पुरुषभर उंचीचा ओला पट्टा तेवढा उरतो. शिवाय भराव टाकताना उठलेला गाळ पाण्यात तरंगून सूर्यप्रकाश अडवितो, ते वेगळेच.

या पट्टीस देशव्यापी नियमांचे संरक्षण लाभावयास १९९१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १९ फेब्रुवारीस केंद्र सरकारने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा आणि भरती-ओहोटीच्या रेषांमधील जमीन नियमाखाली आणली. २०१५ च्या दुरुस्तीने मात्र अपवादात्मक प्रसंगी भरावावर रस्ता बांधण्यास मुभा दिली. त्यानंतरच्या मुंबई किनारा रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर भराव पडला व ११ मार्च २०२४ रोजी त्याचा पहिला टप्पा खुला झाला. हाजीअली व वरळी येथील खडकांवर प्रवाळ आढळल्याने २०२० साली त्याच्या १८ वसाहती उचलून अन्यत्र हलविल्या. एवढ्या गढूळ पाण्यात प्रवाळ तग धरून होते, याचे अनेकांस नवल वाटले. वरळीच्या कोळी बांधवांनी प्रदीर्घ विरोध करून २०२२-२३ मध्ये पुलाच्या खांबांमधील अंतर ६० मीटरऐवजी १२० मीटर ठेवण्याचे मान्य करविले. त्यांच्या होड्यांची वाट तेवढी राहिली. किनाऱ्यालगतचे कित्येक खडक मात्र भरावाखाली गेले.