किहिमकर, पेणकर, दिवेकर

अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकाठी किहीम हे गाव आहे. जवळच नवगाव, दक्षिणेस नागाव, आतल्या अंगास झिराड आणि पूर्वेस पेण. यांपैकी कोणत्याही नावापुढे 'कर' जोडला की मराठी आडनाव तयार होते. परंतु किहिमकर, झिराडकर, पेणकर म्हणविणाऱ्यांत अशीही काही घराणी होती की ती शनिवारी घाणा बंद ठेवीत, मुलाची सुंता आठव्या दिवशी करीत आणि प्रत्येक मंगलप्रसंगी 'शेमा' ही हिब्रू प्रार्थना म्हणत. त्यांचा व्यवसाय तेल गाळण्याचा असल्यामुळे शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. ते स्वतःस बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलचे पुत्र, म्हणवीत.

या समाजाची परंपरा सांगते की, फार प्राचीन काळी नवगावजवळ एक जहाज फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि आपण त्यांचेच वंशज आहोत. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो तेल अवीव येथे 1937 मध्ये छापला गेला. गावांवरून पडलेल्या आडनावांकडे त्यांनी मुद्दाम लक्ष वेधले आहे. ग्रंथकाराचे स्वतःचे आडनावही त्याच जातीचे! ज्या समाजापाशी कुलवृत्तान्त नाही, बखर नाही, वतनाच्या सनदांचे दप्तर नाही, त्याने गावांच्या नावांतून आपला इतिहास वाचावा, हे स्वाभाविकच होय.

मात्र 'कर' हा प्रत्यय नेमके काय सांगतो, हे नीट पाहिले पाहिजे. पेणमध्ये राहणाऱ्या माणसास पेणकर म्हणण्याचे शेजाऱ्यांना काही प्रयोजन नसते, कारण तेथे सारेच पेणचे. तो पेण सोडून रोह्यास किंवा मुंबईस गेला म्हणजे हे नाव त्यास उपयोगी पडते. असे आडनाव वस्तुतः गाव सोडल्याची नोंद असते. त्या गावी घराणे किती पिढ्या नांदले, त्यापूर्वी कोठे होते, याविषयी ते मौनच पाळते.

जुन्या कागदांकडे वळावे, तर तेथे आडनाव पुष्कळदा आढळतच नाही. मोडी दप्तरांत माणसाचे नाव, मग 'बिन' किंवा 'वलद', मग बापाचे नाव आणि मौजे अमुक, एवढ्यावर लेखकाचे काम भागत असे. यातला 'बिन' हा अरबी शब्द आणि हिब्रूतला 'बेन' हे सख्खे भाऊ. दोहोंचा अर्थ पुत्र. 'बेने इस्रायल' या नावातही तोच आहे. कुळकर्ण्याच्या लेखणीखाली हे लोक नकळत आपल्याच रीतीने नोंदले जात होते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. नावे मात्र कोकणी वळणाने बदलली. सॅम्युएलचा समाजी झाला, एझिकेलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी. मुंबईतील पहिले सिनेगॉग 1796 साली बांधणारा कंपनी सरकारच्या फौजेतील अंमलदार सॅम्युएल एझिकेल दिवेकर हा समाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखला जाई. यादीत हे नाव वाचून त्याचा धर्म कोणी ओळखू शकेल काय?

आणि दिवेकर हे आडनाव काही त्याच्या एकट्याच्या समाजाचे नव्हे. चित्पावनांतही दिवेकर आहेत. शिवाय दिवे नावाचे गावही एकच नाही. श्रीवर्धनकडचे दिवे-आगर आहे, तसे पुरंदर तालुक्यातले दिवेही आहे. तेव्हा दोन दिवेकर भेटले तर त्यांचे गाव एक असेलच असे नाही, आणि गाव एक असले तरी मूळ पुरुष एक असेल असे तर मुळीच नाही.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहिला नाही. 1948 नंतर या समाजातील हजारो माणसे इस्रायलमध्ये गेली. तेथे 1962 च्या सुमारास धर्मपीठाने असे फर्माविले की, बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. कित्येक पिढ्यांचा पुरावा मागितला गेला. नागावकर किंवा पेणकर यांनी दाखवावे काय? आडनाव दाखवावे तर ते कोकणातल्या एका गावापाशी येऊन थांबते. ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो त्याच्या अलीकडेच विरून जातो. या समाजाने निदर्शने केली, उपोषणे केली. अखेर 1964 साली इस्रायलच्या शासनाने व संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदीच आहेत, असे जाहीर केले. निर्णय झाला तो संसदेत. कोणत्याही दप्तरातून पुरावा निघाला म्हणून नव्हे.

त्या वेळी नसलेले एक साधन आज उपलब्ध आहे, ते म्हणजे डीएनएची परीक्षा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आणि आपल्या रूढीप्रमाणे आडनावही त्याच वाटेने जाते. म्हणून दोहोंची तुलना करता येते. इंग्लंडात ब्रायन साइक्स यांनी 2000 साली आपलेच आडनाव असलेल्या 48 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच घडणीचे निघाले. त्यांचा मूळ पुरुष एक असावा, हे अनुमान त्यावरून निघाले. उरलेल्यांत दत्तकविधान असेल, आईचे आडनाव लावणे असेल, विवाहबाह्य संतती असेल. गुणसूत्र कारण सांगत नाही.

बेने इस्रायलांविषयीचा महत्त्वाचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात या समाजातील 18 व्यक्तींच्या जनुकांची तुलना इतर यहुदी समाजांशी आणि भारतातील लोकसमूहांशी केली होती. निष्कर्ष असा की, या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय, असे दोन्ही वंशभाग भरीव प्रमाणात आहेत. हे मिश्रण सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झाले, आणि यहुदी वाटा पुरुषांकडून तर भारतीय वाटा स्त्रियांकडून अधिक आला. जहाज फुटल्याच्या कथेतील तपशील यावरून सिद्ध होत नाही. मिश्रणाचा काळ गेल्या हजार वर्षांतला आहे, परंतु तो आगमनाचा काळ नव्हे. माणसे आधी येऊन पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच सोयरिकी करीत राहिली असणे शक्य आहे. परंपरेतल्या सात स्त्रिया मात्र एकट्या उरत नाहीत, एवढे खरे. आडनाव बापाचे चालले. पण त्या बापांच्या घरात येणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी याच भूमीच्या होत्या, आणि त्यांची नावे ना मोडी कागदांत राहिली ना आडनावांत.

या 18 व्यक्तींवरून दोन पेणकर घराण्यांचा मूळ पुरुष एक होता की दोन, हे कळणार नाही. त्यासाठी एकेका आडनावाचे पुरुष निवडून साइक्स यांच्याप्रमाणे त्यांची वेगळी तपासणी करावी लागेल, आणि त्यांपैकी बहुतेकांची घरे आता किहीम-पेणला नसून अश्दोद, लोद, बीरशेबा या इस्रायली गावी आहेत. तेथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे.