चाकाचा सांधा आणि मिस्त्रीचा हात

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. आम्ही आज जिचा इतिहास सांगणार आहोत ती सुपारीहून थोडी मोठी अशी एक पोलादी गोळी आहे. मोटारीच्या पुढच्या चाकापाशी ती एका वाटीत बसलेली असते. गॅरेजात तिला बॉल जॉइंट म्हणतात. ती झिजली की खड्ड्यात चाक गेल्यावर ‘खट्’ असा आवाज येतो, स्टिअरिंग सैल लागते, टायर एका कडेने झिजतो. मालकाने काणाडोळा केला तर एखाद्या दिवशी गोळी वाटीतून निसटते, चाक बाहेर फाकते आणि गाडी भर रस्त्यात गुडघे टेकते. हा सांधा मालकाने आपल्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने बदलावा हे शक्य झाले कसे, आणि ते पुन्हा अवघड होत चालले आहे ते का, एवढाच आमचा विषय आहे.

चार चाकी घोडागाडीत पुढचा आखा सबंधच्या सबंध मधल्या खिळ्यावर फिरत असे. वळणावर गाडीचा पाया अरुंद होई व ती कलंडे. म्यूनिकचा गाडीकार लँकेन्स्पर्गर याने आखा स्थिर ठेवून टोकांची चाके तेवढी आपापल्या खिळ्यांवर वळवण्याची युक्ती काढली. १८१८ साली रुडॉल्फ ॲकरमन याने लंडनमध्ये त्याच्या वतीने तिचे पेटंट घेतले, आणि जगभर ती ॲकरमनच्याच नावाने ओळखली जाते. युक्ती एकाची व नाव दुसऱ्याचे, हा प्रकार कामगार चळवळीत वावरणाऱ्यांना नवा वाटणार नाही!

मोटारीत या खिळ्याचा किंगपिन झाला. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी निघाली तेव्हा पुढे अखंड आखा आणि त्याच्या दोन टोकांना दोन किंगपिन, असाच बेत होता. पिनेभोवतीच्या बुश झिजल्या की गंजलेली पिन ठोकून काढावयाची, नव्या बुश बसवावयाच्या आणि रीमर फिरवून त्या पिनेच्या मापाला आणावयाच्या. केसभर जास्त कापले तर सांधा सैल, केसभर कमी कापले तर जाम. हे कसब पुस्तकात नव्हते; ते मिस्त्रीच्या मनगटात होते.

१९३४ साली अमेरिकेतील अनेक गाड्यांत अखंड आखा गेला आणि पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागली. बसणाऱ्याला सुख झाले, पण सांधे वाढले. चाक वळवण्यास किंगपिन, आणि ते वरखाली होण्यास वर एक व खाली एक अशा आणखी दोन पिना. प्रत्येकीला ग्रीसचे निपल, आणि दर हजार-दीड हजार मैलांनी ग्रीसगन घेऊन गाडीखाली जाणे आले.

यावर तोड निघाली ती गोळीची. आपल्या खांद्याचा सांधा जसा सर्व दिशांना फिरतो तशी गोळी वाटीत फिरते; म्हणून चाकाचे वळणे आणि वरखाली होणे ही दोन्ही कामे एकच सांधा करतो. १९५२च्या लिंकन गाडीने अमेरिकेत हा सांधा पुढच्या चाकांना आणला, १९५४ साली तो फोर्डच्या सामान्य गाड्यांत आला, आणि काही वर्षांतच किंगपिन मागे पडला.

येथे एक गोष्ट घडली ती नीट पाहिली पाहिजे. रीमरचे कसब मिस्त्रीच्या मनगटातून निघून कारखान्यातल्या यंत्रात गेले. माप आता तेथे ठरू लागले. मिस्त्रीचे महत्त्व त्या प्रमाणात घटले हे खरे. परंतु त्याच घटनेने सामान्य माणसाच्या हाती एक काम आले, हेही तितकेच खरे. पूर्वी ज्याला वर्षांची उमेदवारी लागे ते आता जॅक, घोडी, पाने आणि हातोडा यांनी एका दिवसात होऊ लागले. गाडी घोडीवर घ्यावी, चाक काढावे, स्प्लिट पिन ओढून नट सैल करावा, निमुळता दांडा ज्या भोकात रुतलेला असतो त्याच्या कडेवर ठोके देऊन तो मोकळा करावा. कारखान्यात सांधा रिव्हेटने बसवलेला असला तर रिव्हेट कापून नवा सांधा बोल्टने आवळावा. शेवटी नवी स्प्लिट पिन घालावी व चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे.

यात एक जागा जीवघेणी आहे. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर दाबून बसवलेली असते तेथे त्या आर्मला जॅकचा आधार न देता सांधा सोडला, तर स्प्रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. १९९०च्या सुमारास आमच्या ओळखीच्या एका गॅरेजात एका पोराचा हात असाच मोडला. १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा पुस्तकात होता; पण पोराचे नाव मस्टरवर नव्हते, आणि मालक म्हणाला, हा तर नुसता शिकायला येत होता. आम्ही भांडलो, दवाखान्याचे पैसे तेवढे मिळाले. हात पूर्ववत झाला नाही. आज ‘आधी आर्मला टेकू द्या’ ही ओळ प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिकेत असते. ती ओळ अशा हातांनी लिहिली आहे, असे आम्ही समजतो.

मुंबईत किंगपिन दीर्घकाळ टिकला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४पासून निघालेली फियाट, जिला १९७४ साली पद्मिनी हे नाव मिळाले, ती किंगपिनचीच गाडी. टॅक्सीवाल्यांच्या जोरावर किंगपिन-बुश बदलणाऱ्या मिस्त्र्यांची घरे चालली. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीच्या पहिल्या गाडीची किल्ली मालकाच्या हाती पडली. तिच्यात १९५०च्या इंग्लिश फोर्डमध्ये आलेली मॅकफर्सनची रचना होती. चाकामागे खाली एकच बॉल जॉइंट. स्प्रिंग वर आपल्या खांबात कोंडलेली, त्यामुळे सांधा सोडताना ती अंगावर येण्याची भीती नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली, आणि रीमर फिरवणारे ते हातही बहुधा तिच्याबरोबरच उतरले.

सांध्याचा प्रवास मात्र तेथे थांबला नाही. १९६१ साली फोर्डने ३०,००० मैल ग्रीस लागणार नाही अशी जाहिरात केली. पुढे निपलच गेले आणि सांधा कायमचा बंद झाला. पुष्कळ गाड्यांत तो आर्ममध्येच घडवलेला येतो. गोळी झिजली तरी सबंध आर्म विकत घ्यावा लागतो. मग प्रश्न उरतो तो हा की तो आर्म, त्याची माहितीपुस्तिका आणि गाडीचा दोष सांगणारे यंत्र कोणाला मिळावे? आपल्या स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो या वस्तू बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने मंजूर केला.

कसब यंत्रात गेले याबद्दल आम्ही रडत नाही. एका मनगटात कोंडलेले ज्ञान सुट्या भागाच्या रूपाने अंगणात आले, ही प्रगतीच होती. आमची तक्रार आहे ती पुढच्या पावलाबद्दल. मिस्त्रीकडून घेतलेले ज्ञान मालकाच्या हाती येते न येते तोच ते कंपनीच्या कपाटात बंद होऊ लागले. उद्या आपल्यापैकी कोणी घरी हा सांधा बदलावयास बसला, तर घोडीशिवाय गाडीखाली जाऊ नये, ही आमची पहिली विनंती. दुसरी विनंती अशी की जुना सांधा भंगारात टाकण्यापूर्वी शेजारच्या पोराच्या हातात द्यावा, गोळी कशी फिरते आणि कोठे झिजली ते त्याला दाखवावे, आणि टेकू आधी का द्यावयाचा तेही सांगावे.