एकेकाची शाळा, सर्वांची शाळा

अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, शेंदूरजनाघाट हें गांव आहे. संत्र्याच्या कलमांसाठीं त्याचें नांव वऱ्हाडांत सर्वतोमुखीं आहे. तेथील पन्हेरींत जंबेरीचें बीं एकाच दिवशीं पेरलें, तरी सगळीं रोपें एकाच दिवशीं कलमाजोगीं होत नाहींत. ज्याचा बुंधा पेन्सिलीएवढा झाला, त्यावर संत्र्याचा डोळा बांधावयाचा. मागें राहिलेल्यास आणखी कांहीं दिवस द्यावयाचे. माळ्याला हें सांगावें लागत नाहीं. मग एका वयाचीं चाळीस मुलें एकाच दिवशीं एकाच धड्याजोगीं होतात, ही समजूत शाळेंत आली कोठून?

ती फार जुनी नव्हे. पंतोजीच्या शाळेंत इयत्ता नव्हत्या. एकाच ओसरीवर कोणी धुळपाटीवर अक्षर गिरवी, कोणी पावकी-निमकी म्हणे, कोणी मोडी वाची; पुढें गेलेला मुलगा मागच्यास सांगे. मद्रासेकडे वाळूंत अक्षरें गिरविणारीं मुलें पाहून अँड्र्यू बेल यानें तशी रीत आपल्या अनाथालयाच्या शाळेंत चालविली, आणि १७९७ सालीं लंडनांत तिचा वृत्तांत छापिला. इंग्लंडांत ती पसरली. मात्र तेथें तिला कवाइतीचें रूप आलें.

परंतु ओसरीचे गोडवे गातांना तिच्या पायरीखालीं कोण उभें होतें, हें विसरतां कामा नये. मुली तेथें क्वचितच दिसत. अस्पृश्य मानिलेल्यांच्या मुलांस तर ती बंदच होती. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजी कारभाराखालीं आलें, आणि पुढें सरकारी शाळेबरोबर छापील पुस्तक, इयत्ता व वार्षिक परीक्षा हीं आलीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें. दार हळूहळू रुंद झालें, तें योग्यच झालें. पण बांकांवर मुलें वाढलीं, तशी एकेका मुलावर ठरणारी गुरुजींची दृष्टि उणावली. एकेकाकडे पाहणें आणि सर्वांस आंत घेणें, हीं दोन्ही एकत्र कशीं साधावीं, हाच तेव्हांपासूनचा पेंच आहे.

या पेंचाचें एक उत्तर रोमहून आलें. तें मराठी मुलांपर्यंत पोंचविणाऱ्या ताराबाई मोडक विवाहानंतर कांहीं वर्षें अमरावतीसच राहत होत्या. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोमच्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. तेथील लांकडी दट्टे चुकीच्या खांचेंत बसत नसत. त्यामुळें साधनच मुलास त्याची चूक दाखवी, आणि मूल आपल्या गतीनें पुढें जाई. १९२३ सालीं ताराबाई भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या व ही पद्धति शिकल्या. पण तीं साधनें महाग होतीं. १९४५ सालीं बोर्डी येथें त्यांनीं अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचें काम मांडलें, तेव्हां शंखशिंपले, खडे, बिया व पानें हींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. पुढें कोसबाडास, गुरांमागें जाणाऱ्यांसाठीं, ती कुरणांत नेली. साधन स्वस्त होऊं शकलें, कारण पाहणारी दृष्टि शाबूत होती.

आतां तोच प्रश्न नव्या वेषांत आला आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडाची चौकोनी खूण घातली; तिच्यावर फोन धरला कीं धडा ऐकूं येतो, पाहतां येतो. पुढें राज्याच्या पुस्तकांतून अशा खुणा छापल्या गेल्या. २०२० सालीं दहा लक्ष डॉलरांचें जागतिक पारितोषिक त्यांना मिळालें. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांत वांटली. पण त्याच वर्षीं साथीमुळें शाळा मिटल्या, आणि ज्या घरीं एकुलता फोन बाप कामावर नेई, तेथील मुलापुढें तें दार पुन्हा बंद झालें.

आम्ही यंत्राचे वैरी नव्हों. माँटेसरीबाईंचा दट्टा हेंही एक यंत्रच होतें. मात्र एखादें मूल आईबापांबरोबर संत्र्यांच्या तोडणीस गेलें आणि पंधरा दिवसांनीं वर्गांत परतलें, तर यंत्र त्याला चुकलेला धडा दाखवील; "इतके दिवस कोठें होतास रे?" हें गुरुजींनींच विचारावें लागेल. शाळेंत नवें साधन आणतांना तें विचारण्यास गुरुजींना अधिक उसंत मिळते कीं कमी, एवढें गांवानें पाहावें. पन्हेरींतला माळी रोज वाफ्यांतून फिरतो, तेव्हां कोठें कोणतें रोप तयार झालें हें त्याला कळतें.