तिसऱ्या मितीतला चेंडू

बॅट-चेंडूच्या संगणकीय खेळांचे कूळ शोधू गेल्यास अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेपर्यंत मागे जावे लागते. तेथे १९५८ साली भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांनी प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्यांसाठी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विद्युत्‌संकेतांचे आलेख दाखवणाऱ्या उपकरणाच्या, छोट्याशा गोल पडद्यावर टेनिस मांडले होते. पुढे १९७२ मध्ये अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी अटारी या कंपनीसाठी घडवलेल्या ‘पाँग’ने आणि १९७६ च्या ‘ब्रेकआउट’ने हा खेळ सर्वसामान्यांपर्यंत पोचवला, मात्र दोहोंतही बॅट एका रेषेत सरकते आणि चेंडू एका प्रतलात फिरतो.

तिसरी मिती आली तेव्हा बॅटला रेषेऐवजी प्रतल मिळाले, चेंडूला सबंध खोली मिळाली, आणि खेळाडूपुढे नवेच कोडे उभे राहिले, कारण सपाट पडद्यावर चेंडू किती दूर आहे हे त्याच्या लहानमोठ्या आकारावरून आणि भिंतींच्या संदर्भानेच ताडावे लागते. पीट कुक यांचा, सीआरएल या ब्रिटिश कंपनीने १९८६ मध्ये प्रकाशित केलेला ‘रूम टेन’ हा या शाखेचा ठळक नमुना होय. ज्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर तो चालतो, त्याच्या झेड-८० प्रक्रियकाचा वेग सुमारे ३.५ मेगाहर्ट्‌झ असून त्याला गुणाकार-भागाकाराच्या थेट आज्ञाच नाहीत. यथादर्शनासाठी, म्हणजे दूरची वस्तू लहान दाखवण्यासाठी, मात्र अंतराने भागणे अटळ असते. त्यामुळे अशा यंत्रावर त्रिमितीचा आभास वेगाने हलता ठेवणे ही खरोखर मोठ्या कौशल्याची गोष्ट होती, आणि ‘पाँग’च्या वंशजांत या शाखेला मानाचे स्थान मिळायला हवे, ते याच कारणासाठी.

संग्राहकांच्या लेखी अशा खेळाचे मोल याहून वेगळ्या गोष्टींवर ठरते. स्पेक्ट्रमचे खेळ बहुतांशी ध्वनिफितीच्या साध्या कॅसेटवर विकले जात; आज्ञावली फितीवर आवाजाच्या रूपात नोंदलेली असे, आणि चुंबकीय लेप झिजला किंवा फीत ताणली गेली की संगणक ती मध्येच वाचेनासा होतो. आतली माहितीपत्रिका तर सहसा डबीबाहेर पडून हरवते. आज्ञावलीची संगणकीय प्रत काढता येत असल्याने खेळ खेळण्यासाठी मूळ कॅसेटची गरज उरलेली नाही. तरीही छापील वेष्टन, पत्रिका आणि अजून वाचली जाणारी फीत या तिन्ही गोष्टी शाबूत असलेली प्रत संग्राहक जपून ठेवतात, कारण त्या काळी खेळ विकत घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडत होते, याचा पुरावा त्या प्रतीतच असतो.