झोप कोणाची? संमोहन, शिथिलीकरण आणि बाळंतपणाच्या कळा

मागच्या खेपेला आपण मन आणि शरीर यांच्या द्वैताविषयी बोललो, देकार्तपाशी जरा जास्तच रेंगाळलो. आज तोच प्रश्न घेऊन प्रसूतिगृहात जायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं तिथं काय काम, असं वाटेल. आम्हालाही वाटायचं. पण मध्यंतरी आमची पुतणी बाळंत झाली. दिवस गेल्यापासून ती संमोहन आणि शिथिलीकरणाच्या वर्गाला जात होती. श्वास मोजायचा, अंग सैल सोडायचं, कळेला कळ न म्हणता 'लाट' म्हणायचं, रात्री झोपताना सूचना ऐकायच्या. प्रत्यक्षात अठरा तास कळा सोसल्यावर तिनं पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल, मागून घेतलं. बाळ छान, आई छान. पण बारशाच्या दिवशी ती हळूच म्हणाली, "काका, मी नापास झाले."

हा 'नापास' शब्द आला कुठून, याचा माग काढताना आम्ही पोचलो थेट पणजीला.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. झगा घातलेला धर्मगुरू, हात पुढे पसरलेले, आणि समोर कोसळत असलेली एक स्त्री. हा आबे फारिया. 1756 साली कांदोळीला जन्मला, पोरवयात वडिलांबरोबर लिस्बनला गेला आणि पुढे पॅरिसचा झाला. पुतळा 1945 मधला, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, तेही गोव्याचेच. पुतळा देखणा आहे, पण आमच्या मते तो फारियाचं म्हणणं नेमकं उलटं सांगतो! पाहणाऱ्याला वाटतं की त्या हातांतून काहीतरी शक्ती निघते आहे. तसं म्हणणारा होता मेस्मर. त्याच्या मते एक अदृश्य चुंबकीय द्रव एका शरीरातून दुसऱ्यात वाहतो. फारियानं 1813 पासून पॅरिसमध्ये जाहीर व्याख्यानं देऊन हेच खोडून काढलं. द्रव नाही, चुंबक नाही. झोपवणारा फक्त 'झोपा' म्हणतो, झोप येते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या एकाग्रतेतून. शक्ती तिची, त्याची नाही. 1819 साली त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो गेला.

आता हे वाक्य बाळंतिणीला लावून बघा. शक्ती तिची. किती आश्वासक! आणि त्याचीच दुसरी बाजू: मग दुखलं तर तो दोष कोणाचा?

मधला काळ भराभर ओलांडू. 1847 मध्ये एडिंबरोच्या सिम्प्सननं प्रसूतीत आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. 1853 साली व्हिक्टोरिया राणीनं आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं. वेदना हटवायची तर औषध द्यायचं, हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरचा. 1933 च्या आपल्या पुस्तकात त्यानं मांडलं की भीतीमुळे स्नायू आखडतात, आखडल्यानं दुखतं, दुखलं की भीती वाढते. हे चक्र तोडायचं तर आधी समजावून सांगा आणि शिथिल व्हायला शिकवा. विचार चांगलाच. पण त्याच्या जोडीला त्याची एक समजूत होती, की 'रानटी' समाजातल्या बायका सहज बाळंत होतात आणि वेदना ही सुधारणेची देणगी आहे. आमच्या आजीच्या पिढीतल्या कुठल्याही सुइणीला हे ऐकवलं असतं, तर तिनं त्याला माजघरातून बाहेर काढला असता.

खरी गंमत सोव्हिएत संघात झाली. युक्रेनमधल्या खारकोव्हला प्लॅटोनोव्ह 1920 च्या दशकापासून संमोहनानं प्रसूती करत होते. गुण यायचा, पण सगळ्यांना सारखा नाही. शिवाय प्रत्येकीपाशी संमोहनतज्ज्ञ बसवायचा, तर एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? त्यांच्याच परंपरेतल्या वेल्वोव्स्की यांनी युद्धानंतर उलटा विचार केला. बाईला झोपवायचं नाही, जागं ठेवायचं. आधार पाव्हलोव्हचा: कळ आणि भीती यांची सांगड शब्दांनी पडली असेल, तर शब्दांनीच ती सोडवता येईल. म्हणून वर्ग काढले. म्हणजे बघा, संमोहनाच्या खोलीतून शाळेची खोली निघाली.

1951 मध्ये फ्रेंच डॉक्टर फर्नांद लामाझ रशियात हे पाहून भारावले. 1952 पासून पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघटनेच्या प्रसूतिगृहात त्यांनी तीच पद्धत सुरू केली, वेगवान श्वासाची भर घालून. कम्युनिस्टांकडून आलेली गोष्ट, कॅथलिक काय म्हणणार? तर 8 जानेवारी 1956 रोजी पोप बारावे पायस यांनी सांगितलं की यात नीतीविरुद्ध काही नाही. वेदना सोसणं हे बायबलनं लादलेलं कर्तव्य नव्हे.

पण शाळा म्हटली की परीक्षा आली. लामाझ यांच्याकडे बाळंतिणींना श्रेणी मिळायची! ती किती तळमळली, किती ओरडली त्यावरून 'उत्कृष्ट' पासून 'अपयश' पर्यंत. आणि अपयशाचं कारण काय? तिनं सराव कमी केला, किंवा तिच्या मनात शंका होती. पुतणीचा शब्द आम्हाला इथं सापडला.

1989 मध्ये अमेरिकेत मेरी मोंगन यांनी 'हिप्नोबर्थिंग' आणलं. यात संमोहन स्वतःच स्वतःला करायचं, म्हणजे फिरून फारियाच. याचा उपयोग होतो का? ब्रिटनमध्ये पहिलटकरणींवर झालेली एक चाचणी 2015 साली प्रसिद्ध झाली. 680 स्त्रिया होत्या. काहींना स्वयंसंमोहनाचे दोन वर्ग दिले, बाकीच्यांना नेहमीचीच देखभाल. एपिड्युरल घेणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच राहिलं. मात्र वर्गाला गेलेल्यांना बाळंतपणात वाटलेली भीती आणि चिंता त्यांच्या आधीच्या अपेक्षेपेक्षा कमी निघाली. भीती कमी होणं आणि वेदना कमी होणं या दोन गोष्टी आहेत. डिक-रीडनं त्या एका चक्रात बांधल्या, आणि चक्र कुठं तुटतं ते त्या बाईवर सोडलं.

पुतणीला आम्ही लामाझ यांच्या श्रेणीची हकिकत सांगितली. बाळाला थोपटत तिनं विचारलं, "आणि डॉक्टरांना कोण मार्क देत होतं?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. मग आम्ही तिला विचारलं, अठरा तास तू काय करत होतीस? म्हणाली, "पहिले बारा तास मला भीती अजिबात वाटली नाही, काका. नंतर फक्त दुखत होतं."

पुढच्या व्याख्यानात आपण हुगळीला जाणार आहोत. तिथं 1845 साली एस्डेल नावाच्या डॉक्टरनं मेस्मरच्या पद्धतीनं गुंगी आणून रोग्यांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्या रोग्यांचं म्हणणं मात्र कोणी फारसं विचारलं नाही, त्याबद्दल तेव्हा बोलू.