मिठाचं गाव

पावसात भिंतीला ओल येते, स्लॅब गळतो, हे आपल्याला नवीन नाही. पण पावसात अख्खं गाव विरघळल्याचं कधी ऐकलंय?

इजिप्तच्या पश्चिम टोकाला, लिबियाच्या सीमेपासून साधारण 50 किलोमीटरवर सिवा नावाचं मरूद्यान आहे. खजूर, ऑलिव्ह, गोड्या पाण्याचे झरे आणि त्यांच्या शेजारीच खारी तळी. इ.स.पूर्व 331 मध्ये सिकंदर अमुन देवाचा कौल घ्यायला आला तो इथेच, अघुर्मीच्या टेकडीवर. पुढे हल्ल्यांनी हैराण झालेल्या लोकांपैकी उरलेल्या 40 जणांनी 1203 साली जवळच्याच टेकडीवर शाली हे तटबंदीचं गाव वसवलं, असं सिवाचं जुनं हस्तलिखित सांगतं.

वाळवंटात बांधायला काय मिळणार? खाऱ्या तळ्याकाठची मीठमिश्रित माती! तिला तिथे करशेफ म्हणतात. मिठाची ढेकळं ओल्या चिखलात रचायची. वाळताना मिठाचे स्फटिक एकमेकांत घट्ट धरतात आणि भिंत एकसंध होते. छताला खजुराच्या खोडाचे वासे. अशा मातीत लोकांनी चार-पाच मजले चढवले. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. अडचण एकच: मीठ पाण्यात विरघळतं. पण वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पाऊस पडतो तिथे याची काळजी कोण करणार!

1926 साली मात्र सलग तीन दिवस पाऊस कोसळला. घरं खचली आणि लोक खाली उतरले.

सगळे पर्यटक इथवरची गोष्ट ऐकतात. पण थोडं मागे जाऊ. सात शतकांत शालीवर पाऊस कधीच पडला नसेल का? पडला असणारच. पण वर माणसं राहत होती. भिंत खचली की त्याच मातीने लिंपली जायची. 1820 मध्ये मुहम्मद अलीच्या सैन्याने सिवा ताब्यात घेतलं, टोळ्यांची भीती कमी झाली आणि वस्ती हळूहळू तटाबाहेर पसरू लागली. टेकडीवर राहण्याचं कारणच संपत चाललं होतं. म्हणजे 1926 च्या पावसाने घरं पाडली हे खरं, पण ती पुन्हा उभी न करायचं ठरवलं ते माणसांनी. आमच्या धंद्यातही जुनी सिस्टीम एका बगने मरत नाही, ती सांभाळणारा उठून गेला की मरते.

2018 ते 2020 मध्ये युरोपियन युनियनच्या मदतीने शालीची डागडुजी झाली, तीही करशेफ वापरूनच. खाली गावात मात्र नवी घरं चुनखडीच्या विटांची आणि सिमेंटची. ती उन्हाळ्यात तापतात, पण पावसाची धास्ती नाही. तिथे राहणाऱ्याला दोष कसा द्यायचा? प्रश्न इतकाच, की नव्या घरांत करशेफचं काम उरलं नाही तर पुढच्या मोठ्या पावसानंतर शाली लिंपायला येणार कोण?

कधी इजिप्तला गेलात तर पिरॅमिड बघाच. पण चार दिवस जास्त काढा आणि सिवाही बघून या.