स्टिअरिंगचा दांडा कुणी काढला?

तेलीबांध्याच्या घरातून आज पुन्हा गाड्यांच्या गप्पा. रायपूरहून धमतरीला जाणारी छोटी रेल्वे पूर्वी इथूनच जायची, तेलीबांधा हे तिचं स्टेशन. आता ते रूळ उखडून त्या पट्ट्यावर एक्सप्रेस वे झालाय. रेल्वेच्या ड्रायव्हरला गाडी वळवावी लागत नाही, ते काम रुळांचं. ट्रकवाल्याची अर्धी मेहनत मात्र वळवण्यातच जाते.

ही मेहनत मी शक्तिमानमध्ये पाहिली. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून जबलपूरला बनलेला हा ट्रक. आमच्या वेळी त्याला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. डोंगरातल्या वळणावर ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठून स्टिअरिंग ओढायचा. नव्या पोरांना पहिला धडा असा, की अंगठा स्टिअरिंगच्या आत घालायचा नाही. पुढचं चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतं. खडबडीत जमिनीवरच्या स्टिअरिंगचा सगळा इतिहास मला या अंगठ्यापासूनच सुरू झालेला वाटतो.

पॉवर स्टिअरिंगचं श्रेय बहुतेक फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरला देतात. तो पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता, त्यामुळे जड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे काय हाल होतात ते त्याला ठाऊक होतं. 1925 च्या सुमारास त्याने तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग गाडीवर बसवून दाखवलं. जनरल मोटर्सने करार केला, पण मंदी आली आणि 1934 मध्ये खर्चाचं कारण देऊन तो मोडला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना हे स्टिअरिंग लागलं. सामान्य गिऱ्हाइकाला ते मिळालं 1951 मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत, आणि तेही डेव्हिसच्या पेटंटांची मुदत संपल्यावर!

पण डेव्हिसने दांडा काढला नव्हता. तेल फक्त मदतीला होतं. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडाची साखळी शाबूत होती.

ती तोडली मिनेसोटाच्या लिन चार्लसनने. हा शेती-अवजारांच्या दुनियेतला माणूस. 1960 च्या आसपास त्याच्या चार-लिन कंपनीचं ऑर्बिट्रोल आलं. आतल्या बाजूला दातांची एक चकती, बाहेर तिच्याहून एक दात जास्त असलेलं कडं. स्टिअरिंग फिरवलं की ही जोडी तेल मापून सिलिंडरकडे पाठवते आणि सिलिंडर चाकं वळवतो. मधे फक्त पाइप. चाक दगडावर आदळलं तरी धक्का तेलातच अडकतो, अंगठा वाचतो. पुढे चार-लिन ईटनने घेतली आणि 2021 मध्ये ईटनचा हायड्रॉलिक्सचा व्यवसाय डेन्मार्कच्या डॅनफॉसकडे गेला.

आपल्याकडे ही वस्तू आली ती यंत्रांबरोबर. भारतात 1979 पासून बनणाऱ्या जेसीबीत ती आहे, मोठ्या ट्रॅक्टरांत आहे, खाणीतल्या डंपरांतही आहे. म्हणून तर ती कबाड्याकडे मिळते.

माझ्या पुतण्याने लष्करी लिलावातला जुना जोंगा घेतला. टायर मोठे टाकले, मग स्टिअरिंग हलेना. म्हणाला, "काका, फुल हायड्रॉलिक करतो, स्वस्तात." मी म्हटलं, आधी कागद-पेन्सिल घे.

हिशेब सोपा आहे. दोन्ही बाजूंना दांडा असलेला सिलिंडर घ्या, म्हणजे डावी-उजवी सारखी वळतात. 63 मिलिमीटर बोअर, 32 चा दांडा, 200 चा स्ट्रोक धरला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 460 सीसी तेल लागतं. 160 सीसीचं ऑर्बिट्रोल लावलं तर स्टिअरिंगचे तीनला थोडे कमी फेरे. 100 बार दाबाला जोर जवळपास 2300 किलोचा. घाईत सेकंदाला दीड फेरा मारला तर मिनिटाला चौदा-साडेचौदा लिटर तेल हवं, आणि तेही इंजिन आयडलला असताना. इथेच बहुतेक स्वस्त जुगाड फसतात. पंप लहान, मग ऐन खडकात स्टिअरिंग जड.

ऑर्बिट्रोल जुनं चालतं, टाकी घरी बनते, पंपही तपासून जुना घेता येतो. पाइपात मात्र काटकसर नाही, हे मी दोनदा बजावलं. कारण इंजिन बंद पडलं तर ऑर्बिट्रोल हातपंपासारखं चालतं, जड का होईना, गाडी वळते. पाइप फुटला तर काहीच उरत नाही. खाणीतल्या मोठ्या डंपरात इंजिन बंद पडण्याच्या वेळेसाठी दाबाखालचं तेल साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर असतो. आपल्या बजेटमध्ये तो कधीच बसत नाही.

ऐकलं नाही. एका दुकानातून जुना पाइप नव्या टोकांनी दाबून आणला. शेतात चाचणी घेताना मी शेजारीच बसलो होतो. फट् असा आवाज झाला, स्टिअरिंग पंख्यासारखं मोकळं फिरलं आणि जोंगा धानाच्या बांधावर चढून थांबला. वेग माणसाच्या चालीएवढा होता. बांधापलीकडे दोन बायका निंदणी करत होत्या. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही. पहिल्या चाचणीला कोण कुठे उभं आहे हे आधी पाहायचं असतं, आणि तीस वर्षं गणवेशात काढूनही मी ते पाहिलं नव्हतं.

मग नवे पाइप आले, दोन-तारी, कामाच्या दाबाच्या चौपट फुटदाबाचे. ब्रॅकेटचं वेल्डिंगही पुन्हा झालं. जोंगा आता बरा वळतो. सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि थोड्या वेळाने त्याचा मधला आरा खाली नाहीतर बाजूला गेलेला दिसतो, कारण तेल थोडं थोडं गळून पुढे सरकतं. वेगात हे धोक्याचं. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून मैदानात न्यायचा असला की आम्ही तो एका भाड्याच्या ट्रकवर चढवतो. त्या ट्रकला साधं पॉवर स्टिअरिंग आहे, दांड्यासकट.